कावीळ : अडले कोठे?

"कावीळ झाली आहे" हे वाक्य आपल्याकडे निदान म्हणून उच्चारले जाते. डोळे पिवळे दिसले, लघवी पिवळी झाली की रोगाचे नाव ठरले, आता उपाय करायचा, अशी आपली समजूत असते. रुग्णालयात मात्र या वाक्याने निदान संपत नाही, सुरू होते. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण आहे, तसेच कावीळ हेही लक्षण आहे. हिवतापापासून पित्ताच्या खड्यापर्यंत आणि दूषित पाण्यापासून स्वादुपिंडाच्या कर्करोगापर्यंत अनेक कारणांनी डोळे पिवळे होतात. यांपैकी काही आजार विश्रांतीने आपोआप बरे होतात, तर काहींत दोन आठवडे वाट पाहणेही जिवावर बेतते. नुसते डोळे पाहून हा फरक कळत नाही. मग तो कसा कळतो? डॉक्टर कोणत्या क्रमाने विचार करतात? ते समजण्यासाठी एका रंगद्रव्याचा शरीरातला प्रवास आपण पाहू.

पिवळा रंग येतो कोठून?

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. मोडलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनचे विघटन मुख्यतः प्लीहेत होते. त्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. उरलेल्या भागापासून आधी हिरवे आणि मग पिवळे रंगद्रव्य बनते. हे पिवळे द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर त्वचेवरचा डाग काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो, तेव्हा हीच रासायनिक क्रिया आपण उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते.

हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकता येत नाही. अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून ते रक्तातून यकृतात पोचते. यकृताच्या पेशी त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतात आणि ते पाण्यात विद्राव्य करतात. मग ते पित्ताबरोबर पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचे रूपांतर युरोबिलिनोजेन या रंगहीन पदार्थात करतात. त्यापासून पुढे जे तपकिरी द्रव्य बनते, त्यामुळे मळाला त्याचा नेहमीचा रंग येतो. थोडे युरोबिलिनोजेन रक्तात शोषले जाऊन लघवीतून बाहेर पडते आणि लघवीला फिका पिवळा रंग देते. जीवाणू हे काम ज्या विकराच्या साहाय्याने करतात, त्याची ओळख २०२४ मध्ये पटली. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकली जाणारी ही क्रिया अगदी अलीकडेपर्यंत अर्धवटच उलगडलेली होती.

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

तीन ठिकाणे, तीन प्रकार

आता डॉक्टरांचा पहिला प्रश्न स्पष्ट होईल. प्रवास अडला कोठे : यकृताच्या अलीकडे, यकृतात, की यकृताच्या पलीकडे?

यकृताच्या अलीकडे बिघाड असला तर तांबड्या पेशी नेहमीपेक्षा फार जास्त मोडत असतात. यकृत निरोगी असते, पण त्याला काम पुरे पडत नाही. हिवताप, थॅलसेमिया आणि विदर्भात व नंदुरबारकडील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार, ही याची उदाहरणे. यकृतातच बिघाड असला तर पेशींना सूज आलेली असते किंवा त्या मरत असतात. विषाणू, दारू, क्षयरोगावरची काही औषधे, पॅरासिटामॉलची अतिमात्रा अशी त्याची कारणे असतात. यकृताच्या पलीकडे अडथळा असला तर पित्त तयार होते, पण खडा, गाठ किंवा आकुंचन यांमुळे नलिका तुंबलेली असते. क्वचित जंत पित्तनलिकेत शिरूनही ती अडते.

काही निरोगी माणसांत जन्मतःच बिलिरुबिन जोडणारा विकर थोडा कमी असतो. उपवास, जागरण किंवा ताप आला की त्यांचे डोळे किंचित पिवळे होतात आणि पुन्हा निवळतात. याला उपचाराची गरज नसते. परंतु आपली कावीळ याच प्रकारची आहे, हे तपासणीनंतरच म्हणता येते.

न खर्चाची तपासणी

या तीन प्रकारांत फरक करणारी पहिली साक्ष फुकट मिळते. ती म्हणजे लघवीचा आणि शौचाचा रंग.

यकृताच्या अलीकडच्या बिघाडात रक्तात साठलेले बिलिरुबिन अविद्राव्य असते, म्हणून ते लघवीत उतरत नाही. आतड्यात मात्र नेहमीपेक्षा जास्त रंगद्रव्य पोचते, त्यामुळे शौच गडद होते. यकृताच्या पलीकडे नलिका तुंबली की नेमके उलटे घडते. विद्राव्य झालेले बिलिरुबिन मागे साचून रक्तात परतते आणि लघवीत उतरते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. आतड्यात रंगद्रव्य पोचतच नाही, म्हणून शौच पांढरट, शाडूच्या मातीच्या रंगाचे होते. पित्तातील इतर पदार्थही रक्तात साठतात आणि अंगाला खाज सुटते. यकृतदाहात लघवी गडद होते, शौचाचा रंग काही दिवस फिका होऊन परत येतो, आणि कावीळ दिसण्यापूर्वीच भूक मेलेली असते.

म्हणूनच डॉक्टर रुग्णाला शौचाचा रंग विचारतात. आपल्याकडे रुग्ण हा प्रश्न संकोचाने टाळतात किंवा "पाहिले नाही" म्हणतात. प्रत्यक्षात महागड्या तपासणीइतकीच मोलाची माहिती या उत्तरात असते. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर ती जीव वाचवते. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ बहुतेक बाळांत आपोआप जाते. (पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली मात्र ताबडतोब दाखवावी लागते.) परंतु दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली आणि शौच पांढरट असेल, तर बाळाच्या पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. तैवानने २००४ पासून देशभरातील मातांना शौचाच्या रंगांची छापील पट्टी देण्यास सुरुवात केली. बाळाच्या शौचाचा रंग आईने पट्टीशी जुळवून पाहायचा, एवढेच काम. त्यामुळे आजार लवकर सापडू लागला.

रक्ताचा कागद कसा वाचतात?

रक्ततपासणीचा कागद हाती आला की बहुतेक घरांत फक्त बिलिरुबिनचा आकडा पाहिला जातो. "कालची चारची कावीळ आज सहा झाली" असे आपण म्हणतो. डॉक्टर मात्र तीन निराळ्या गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट बिलिरुबिन कोणत्या रूपात आहे ही. डच वैद्य हायमन्स व्हान डेन बर्ग यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले की काही रक्तनमुने रंग देणाऱ्या रसायनाशी थेट क्रिया करतात, तर काही अल्कोहोल मिसळल्यावरच. प्रयोगशाळेच्या कागदावर आजही 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' हे शब्द येतात, ते त्या प्रयोगावरून. 'डायरेक्ट' म्हणजे यकृताने विद्राव्य केलेले.

दुसरी गोष्ट यकृताच्या पेशी फुटत आहेत का ही. एसजीपीटी हा विकर पेशीच्या आत असतो, आणि पेशीला इजा झाली की तो रक्तात सांडतो. विषाणूंच्या यकृतदाहात हा आकडा हजाराच्या पुढे जाऊ शकतो. नलिका तुंबलेली असेल तेव्हा हा आकडा सहसा माफक वाढतो आणि अल्कलाइन फॉस्फटेज हा दुसरा विकर मात्र फार वाढतो. दारूमुळे झालेल्या यकृतदाहात एसजीपीटीपेक्षा एसजीओटीचा आकडा बहुधा दुपटीने जास्त असतो. कोणता आकडा वाढला यापेक्षा आकड्यांचे एकमेकांशी प्रमाण अधिक बोलके असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे यकृत काम करत आहे का. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतातच बनतात आणि त्यांतील काही थोड्याच तासांत संपतात. म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे यकृताच्या आजच्या प्रकृतीचे उत्तम मापन ठरते. त्यासाठी प्रोथ्रॉम्बिन काल ही चाचणी करतात. येथे एक सुंदर तर्क लढवता येतो. ही प्रथिने पूर्ण होण्यासाठी क जीवनसत्त्व नव्हे, तर 'के' जीवनसत्त्व लागते. ते स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असून पित्ताशिवाय आतड्यात शोषले जात नाही. म्हणून नलिका तुंबलेल्या रुग्णाचेही रक्त उशिरा गोठते आणि यकृत निकामी झालेल्याचेही. दोघांनाही 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले तर पहिल्याचा काल एक-दोन दिवसांत सुधारतो, दुसऱ्याचा सुधारत नाही. कच्चा माल कमी पडला आहे की कारखानाच बंद पडला आहे, हे अशा रीतीने कळते.

या तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर मोठी फसगत होते. तीव्र यकृतदाहात एसजीपीटी दोन हजारांवरून चारशेवर आला तर घरचे लोक आनंदतात. बहुतेक वेळा तो आनंद योग्यही असतो. पण त्याच वेळी प्रोथ्रॉम्बिन काल वाढत असेल, तर आकडा उतरण्याचा अर्थ वेगळा असू शकतो : फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत. अशा वेळी रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, ओळखीची नावे विसरतो. पुढे केलेले हात पंख फडफडावेत तसे थरथरतात. आतड्यात बनणारा अमोनिया यकृताने निष्प्रभ न केल्यामुळे मेंदूवर परिणाम झालेला असतो. कावीळ झालेल्या माणसाच्या वागण्यात किंवा झोपेत असा बदल दिसला तर एक तासही वाया न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे.

नलिका तुंबली असेल तर

अडथळ्याचा संशय असला की सोनोग्राफी करतात. तुंबलेल्या नलिका फुगलेल्या दिसतात आणि पित्ताशयातील खडे बहुधा स्पष्ट दिसतात. नलिकेच्या अगदी खालच्या टोकातील खडा मात्र आतड्यातील वायूमुळे अनेकदा दिसत नाही. तेव्हा चुंबकीय प्रतिमा घेतात.

तोंडावाटे लवचिक दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेऊन, पित्तनलिकेचे तोंड कापून खडा बाहेर काढण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे जाहीर केली. त्यापूर्वी अशा खड्यासाठी पोट उघडावे लागे. मात्र या उपचारानंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून आज केवळ पाहण्यासाठी ही दुर्बीण वापरत नाहीत. आधी प्रतिमेने खात्री करून घेतात आणि काही काढायचे किंवा नळी बसवायची असेल तेव्हाच ती वापरतात.

स्वादुपिंड येथे कसे आले? पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि बहुतेक माणसांत दोघांच्या नलिका एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. या तोंडाशी खडा अडकला तर स्वादुपिंडाचे पाचक रस आतच जागृत होतात आणि त्याच इंद्रियाला इजा करू लागतात. पोटात वरच्या बाजूस असह्य वेदना उठते आणि ती पाठीत जाते. रक्तातील लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिपटीहून वाढलेले असते. हा आकडा निदान सांगतो, पण आजार किती गंभीर आहे हे सांगत नाही. उपचार म्हणजे शिरेतून पुरेसे द्रव, वेदनाशमन आणि सोसेल तितक्या लवकर तोंडाने अन्न. पूर्वी अशा रुग्णांना दिवसचे दिवस उपाशी ठेवत, ती पद्धत आता सोडून दिली आहे. आजार सौम्य असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकतात, कारण ते तसेच राहिले तर पुन्हा झटका येण्याचा धोका असतो.

तुंबलेल्या पित्तात जीवाणू वाढले तर पोटदुखी, थंडी वाजून ताप आणि कावीळ अशी तीन लक्षणे एकत्र दिसतात. ही तातडीची स्थिती आहे. केवळ प्रतिजैविके पुरत नाहीत, तुंबलेले पित्त वाहते करावे लागते.

याउलट, उतारवयात कसलीही वेदना नसताना कावीळ दिवसेंदिवस वाढत जाणे, खाज सुटणे, वजन घटणे ही लक्षणे स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठीची असू शकतात. पोट तपासताना फुगलेले पित्ताशय हाताला लागले आणि ते दुखत नसेल, तर कारण बहुधा खडा नसते, हे निरीक्षण स्विस शल्यविशारद कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये नोंदवले. ते आजही उपयोगी पडते. या कर्करोगात निदानाच्या वेळी शंभरांपैकी साधारण १५ ते २० रुग्णांतच गाठ काढता येण्याजोगी असते. त्यामुळे येथे गेलेला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

पाण्यातून आलेली कावीळ

आपल्या देशात तरुणांना होणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यातील 'अ' किंवा 'इ' विषाणूमुळे होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतील पाणीपुरवठ्याच्या ठिकाणापर्यंत पोचले. काही आठवड्यांनी काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवलेले होते, त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणूंचे रोग वाढले नाहीत, पण या विषाणूला ते पुरेसे ठरले नाही. त्या वेळी साथीचे कारण 'अ' विषाणू मानले गेले. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी तपासणी केली आणि तो 'अ' ही नव्हता व 'ब' ही नव्हता, असे १९८० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याला 'इ' हे नाव मिळाले.

'अ' व 'इ' या दोहोंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. विषाणू मारणारे औषध सहसा लागत नाही. अपवाद मात्र गंभीर आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'इ' विषाणूची बाधा झाली तर शंभरांपैकी वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. त्यामुळे गरोदर स्त्रीची कोणतीही कावीळ रुग्णालयातच तपासली पाहिजे. पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. त्या जीवाणूमुळेही कावीळ होते, आणि तेथे प्रतिजैविक वेळेवर मिळणे निर्णायक ठरते.

'ब' आणि 'क' हे विषाणू रक्तातून पसरतात. 'ब' आईकडून बाळालाही मिळतो. बाधा प्रौढपणी झाली तर शंभरांपैकी पाचांहून कमी लोकांत ती कायमची राहते. अर्भकावस्थेत झाली तर सुमारे ९५ मुलांत ती कायम राहते आणि पुढे यकृत घट्ट होण्याचा किंवा कर्करोगाचा धोका निर्माण करते. म्हणूनच जन्मल्यापासून चोवीस तासांत 'ब'ची लस द्यायची असते. 'क'ची बाधा आता बहुतेक रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते.

माळ का लांबते?

आता आपल्या भोवतालच्या एका प्रथेकडे वळू. काविळीवर गळ्यात माळ घालणे, हातावर डाग देणे हे उपाय अजूनही चालतात आणि "आमचा मुलगा त्यानेच बरा झाला" असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. मुलगा खरोखरच बरा झालेला असतो, कारण त्याला 'अ' विषाणूची कावीळ होती आणि ती बरी होणारच होती. माळ लांबते हेही खरे आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या वेढ्यांत बांधून ती केलेली असते. काड्या वाळून आक्रसल्या की वेढे सैल होतात आणि दोरा लांब होतो. तीच माळ खुंटीला टांगली तरी लांबते. खुंटीला कावीळ झालेली नसते.

माळेने थेट अपाय होत नाही. अपाय होतो तो वाया गेलेल्या दिवसांनी. खड्याची, गाठीची, बंद नलिकेची, गरोदरपणातली कावीळ माळेच्या लांबीकडे पाहत बसत नाही. शिवाय अनेक मुळ्या व अनोळखी चूर्णे यकृताला स्वतःच इजा करू शकतात. पथ्याचेही तसेच आहे. हळदीच्या पिवळेपणाचा बिलिरुबिनशी काही संबंध नाही. आजारी यकृताला उपासमार नको असते. भूक असेल तसे साधे, ताजे, पुरेसे अन्न द्यावे. उघड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पाजला तर जो विषाणू टाळायचा, तोच पुन्हा पोटात जाण्याचा धोका असतो. दारू मात्र पूर्ण बंद हवी, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे.

वर्गात काय करता येईल?

आम्हाला वाटते, पचनसंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर प्लीहा, यकृत, पित्तनलिका आणि आतडे यांची एक सरळ रेषा काढावी. मग विद्यार्थ्यांना विचारावे : अडथळा येथे आला तर लघवीचा रंग काय, शौचाचा काय? दुसरीकडे आला तर? पाठांतर न करता मुले उत्तरे शोधू शकतात. माळेचा प्रयोगही करून पाहावा. दोन सारख्या माळा करून एक खिळ्याला टांगावी, एक धडधाकट विद्यार्थ्याच्या गळ्यात घालावी आणि आठवडाभर रोज मापे घ्यावीत.

आणि एक यादी सूचनाफलकावर लावावी. काविळीबरोबर गुंगी किंवा वागण्यात बदल, रक्तस्राव, थंडी वाजून ताप, तीव्र पोटदुखी, पांढरट शौच, सतत उलट्या, गरोदरपण किंवा दोन आठवड्यांवरचे तान्हे बाळ, यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाकीच्यांनीही एकदा रक्त तपासून घ्यावे. बहुतेकांना डॉक्टर "विश्रांती घ्या, आपोआप बरे व्हाल" असेच सांगतील. पण अडले कोठे हे शोधल्यानंतर दिलेला तो सल्ला असेल.